दोन दारांची गाडी

आमच्या गाडीला दोनच दारं आहेत. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. गाडी चार माणसांची, पण मागं बसायचं तर पुढची डावी सीट झुकवायची, पोट आवळून आत शिरायचं, आणि मग कुणीतरी ती सीट पुन्हा सरळ करायची. एकदा आत बसलं की बाहेर पडणं आपल्या हातात राहत नाही. पुढच्यानं सीट झुकवली तर उतरायचं, नाहीतर बसून राहायचं.

अशा गाडीला कूपे म्हणतात. ज्या कंपनीनं ती आणली तिचं नाव घेत नाही, तिचाही काही दोष नव्हता. वर्तमानपत्रात अर्धं पान जाहिरात आली होती. लाल गाडी, घाटातलं वळण आणि केस उडणारी दोन माणसं. दोनच. आता आमच्याकडं गाडी घेणारा माणूस आधी डोकी मोजतो. आई-वडील, बायको, दोन पोरं, आणि जोतिबाला जायचं म्हटलं की शेजारची म्हातारी. त्याच्या गळ्यात ही गाडी कोण मारणार? थोड्याच वर्षांत ती बनायची बंद झाली. मग सुटे भाग मिळेनासे झाले. मग शोरूमवाले फोनवर विचारायला लागले, “कुठली गाडी म्हणालात?” गाडी रस्त्यावर धावत होती आणि ती बनवणारेच तिला ओळखत नव्हते.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली तेव्हा ती बनायची बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याच्या मुलानं हौसेनं घेतलेली आणि लग्नानंतर बायकोनं नावं ठेवलेली ती गाडी. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात ती पहिल्यांदा शिरली तेव्हा समोरचे काका दारातूनच म्हणाले, “काय वो अण्णा, मागची दारं कंपनीतच इसरलासा काय?” दोनच असल्यामुळं दारं लांबलचक होती. बोळात अर्धीच उघडायची. अण्णा तिरके होऊन उतरायचे आणि उतरल्यावर छपरावर थाप मारायचे.

अण्णा टर्नर होते. उद्यमनगरात त्यांची शेड होती, त्यात दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. तिथल्या लोकांना नकाशा लागत नाही. मोडकी वस्तू टेबलावर ठेवा, तशीच दुसरी करून देतात. गाडीतलं एकेक मोडत गेलं तसं अण्णा करत गेले. काच वर-खाली करणारं दातेरी चाक, दाराच्या बिजागरीची पिन, क्लचचं बुश, गिअरची मूठ. शेवटी त्या गाडीत कंपनीचं किती उरलं होतं आणि अण्णांचं किती, हे सांगता आलं नसतं. आई म्हणायची, “घरात एक खुंटी ठोकाय सा म्हयनं लागत्यात, आणि ह्या बयेचं सगळं हातासरशी.”

मी गाडी शिकले ती बत्तिसाव्या वर्षी. गडहिंग्लजला माझं सासर होतं, ते संपवून मी परत आले होते. संपवून म्हणते, कारण त्यात रडण्यासारखं जेवढं होतं तेवढं मी तिथंच रडून आले होते. अण्णांनी मला एक शब्द विचारला नाही. आठवड्याभरानं किल्ली हातात दिली आणि म्हणाले, “चल, कळंब्याच्या रस्त्याला.” मी चालकाच्या जागेवर बसले आणि ते सीट झुकवून मागं जाऊन बसले. का, असं विचारलं तर म्हणाले, “म्होरं बसलो की माझा पाय ब्रेक हुडकतोय. तुझ्या पायाला काम राहत न्हाय.”

तर ते मागून शिकवायचे. बोलायचे नाहीत. माझ्या सीटच्या पाठीवर बोटाच्या पेरानं ठोकायचे. एकदा ठोकलं की गिअर वाढव, दोनदा ठोकलं की वेग कमी कर. जन्मभर यंत्रांच्या आवाजात काढलेला माणूस, इंजिन काय म्हणतंय ते त्यांना माझ्याआधी कळायचं. पाठीच्या मणक्याशी, डाव्या खांद्याच्या थोडं खाली, टक्. मी गाडी शिकले तरी ते मागंच बसत राहिले. बारा वर्षं. शहराबाहेरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. तिथं मी एकटी जायचे, पण रविवारी कुठंही निघालो की आई पुढं, अण्णा मागं, आणि माझ्या पाठीत टक्.

गेल्या वर्षी ते गेले. शेडमध्येच, लेथ बंद करून स्टुलावर बसले आणि उठले नाहीत.

आमच्या घरची एक रीत आहे. इतरांकडं असेल नसेल, मला माहीत नाही. अस्थी घेऊन निघालं की गेलेल्या माणसाला वाटेत सगळं सांगत जायचं. पूल आला की पूल आला, फाटा आला की फाटा आला. गाडीत त्याला स्वतःची जागा द्यायची. आणि पोचल्यावर जिवंत माणसाला देतात तशी वाट करून द्यायची आणि म्हणायचं, चला, उतरा. नाहीतर माणूस वाटेत राहतो. त्या वेळी मला हे सगळं थोतांड वाटत होतं. मी चिडलेली होते. अण्णांवर, आईवर, दारात येऊन “कसं झालं हो” विचारणाऱ्या प्रत्येकावर.

नृसिंहवाडीला संगमावर जायचं ठरलं. गाडी मी चालवली. पुढं डावीकडं मामा बसले. मामा म्हणजे आईचा भाऊ, अंगानं भरलेला आणि कसल्याही घाईतला. लाल फडक्यात बांधलेलं मडकं मागच्या सीटवर, कपड्याच्या चुंबळीत ठेवलं होतं. मामांनी सगळं नीट केलं. पंचगंगेच्या पुलावर “दाजी, पूल आला” म्हणाले, हातकणंगल्याला “फाटा आला” म्हणाले. वाडीला पाऊस होता, गाड्या लावायच्या जागेत चिखल झालेला. मामांनी बसल्या जागेवरून मागं वळून, दोन सीटांच्या मधून हात घातला आणि मडकं पुढं ओढून घेतलं. “चला दाजी, उतरा” म्हणाले आणि ते छातीशी धरून घाटाकडं चालायला लागले. आम्ही विधी केले, अस्थी सोडल्या, परत आलो.

संध्याकाळी आईनं पहिला प्रश्न विचारला. “सीट पाडलीसा काय?”

मामा म्हणाले, “आं?”

“म्होरची सीट. ती पाडल्याबिगर मागचं माणूस कसं उतरंल?”

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी भांडी घासत होते, घासत राहिले. आई उठली, बोळात गेली, आणि गाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या काचेला हात लावून उभी राहिली. तिथं दार नाही. नुसती न उघडणारी काच आहे. आत आली तेव्हा एवढंच म्हणाली, “हायेत.”

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. त्या मागच्या काचेवर सकाळी वाफ धरायची. आतून. बाकी सगळ्या काचा कोरड्या, आणि तिथं, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, तळहाताएवढा ढग. मी वर्गात बाष्पीभवन आणि सांद्रीभवन शिकवते. मला कारणं तोंडपाठ होती. रबर सैल झालं असेल, खालच्या चटईत ओल असेल. मी चटई काढून गच्चीवर उन्हात टाकली. काचेला नवं रबर लावलं. एप्रिलमध्ये, जेव्हा आमच्या पेठेत दगडसुद्धा घामेजत नाही, तेव्हाही तो ढग होता. आई रोज सकाळी पदरानं काच बाहेरून पुसायची आणि म्हणायची, “पुसून जात न्हाय. आतनं हाय न्हवं.”

ती गाडी सोडून कुठं जाईना. संध्याकाळी पुढच्या सीटवर जाऊन बसायची, मान न वळवता बोलायची. दूधवाला बदलला, चौकातला खड्डा बुजवला, असलं काहीबाही. मुक्कामाला तर कुठंच नाही. आणि हेच महागात पडायला लागलं, कारण तिच्या डोळ्यांत काचबिंदू होता. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की शस्त्रक्रिया लांबवली तर डावा डोळा जाईल आणि गेलेली नजर परत येत नाही. दोन रात्री तिथं राहावं लागणार होतं. आई म्हणाली, “माणूस गाडीत बसवून मी तिकडं पलंगावर झोपू व्हय? आधी वाडीला चल. त्यास्नी उतरीव. मग माझं काय करायचं ते कर.”

पन्नासेक किलोमीटर जायचं, एक सीट झुकवायची, परत यायचं. एका रविवारचं काम. मी ते सात महिने केलं नाही.

तिला मी भाषणं दिली. “अगं, शिकवते काय मी आणि वागायचं काय,” असं म्हणाले. “उद्या गावभर होईल,” म्हणाले. डोळा आईचा जात होता आणि मी तिच्यापुढं विज्ञान नाचवत होते. मला आज स्वतःची लाज वाटते.

खरं कारण वेगळं होतं. माझ्या सीटच्या पाठीवर ठोकलं जात होतं.

पहिल्यांदा झालं ते तेराव्यानंतर, कॉलेजला जाताना, हायवेच्या चढावर. मी दुसऱ्यात होते, इंजिन ओरडत होतं, माझं लक्ष नव्हतं. टक्. माझा हात आपोआप गेला, गिअर पडला, गाडी शांत झाली. आरशात बघायचं धाडस मला होईना, आणि शेवटी बघितलं तर मागं सीट होती, खिडकी होती, बाहेर उसाचं शिवार पळत होतं. सीटची स्प्रिंग सैल झाली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण सैल स्प्रिंग खड्ड्यात वाजते. ही सपाट रस्त्यावर वाजायची. बरोबर एकदा. वळणावर आंधळेपणानं शिरले की दोनदा. एके दिवशी असंच दोनदा वाजलं, मी चिडून पाय उचलला, आणि वळणापलीकडं ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या ऊस भरून, दिव्याबिगर, रस्ता अडवून उभ्या होत्या. मी गाडी कडेला घेऊन बराच वेळ बसून राहिले. मागं वळून बघितलं नाही. मला भीती वाटत होती, आणि मला ती भीती हवी होती. भीती म्हणजे ते होते.

यातलं काहीच मी आईला सांगितलं नव्हतं.

मिरजेचे डॉक्टर शेवटी माझ्यावरच भडकले. आता महिनाभर, म्हणाले, त्यानंतर माझ्याकडं आणू नका. त्या दिवशी मी गाडी घेऊन उद्यमनगरात गेले. अण्णांची शेड आता त्यांच्याजवळ काम शिकलेले एक मिस्त्री चालवतात, तेही साठीला आलेत. त्यांना म्हणाले, माझ्या सीटमध्ये काहीतरी वाजतंय, शोधून काढा. मला वाटत होतं, ते एखादी स्प्रिंग काढून माझ्या हातावर ठेवतील आणि सगळं संपेल. म्हणजे मग वाडीला जाऊन सीट झुकवायला माझी हरकत नव्हती. नसलेल्या माणसाला उतरवायला काय लागतं?

मिस्त्रींनी आधी गाडी स्वतः चालवून बघितली, मला शेजारी बसवून. उद्यमनगर, राजारामपुरी, पुन्हा उद्यमनगर. चुकीच्या गिअरमध्ये चालवा, असंही मी त्यांना सांगितलं. सीट गप्प. मग त्यांनी माझी सीट बोल्ट काढून बाहेर घेतली, कव्हर उसवलं, फोम काढला. आत लोखंडी चौकट आणि ताणलेल्या तारा. त्यांनी एकेक तार हातानं ओढून बघितली. चौकट दोन्ही हातांनी हलवली. मग ते टाचांवर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “बाई, ह्यात वाजण्यासारखं काय बी न्हाय.”

“नीट बघा.”

“बघितलं की. ह्या तारा मालकांनी सोता बसवल्यात. त्यास्नी वाजलेलं चालत नव्हतं.” मग त्यांनी विचारलं, “तुम्ही चालवतासा तवाच वाजतंय व्हय?”

मी मान हलवली. मिस्त्री पुन्हा कामाला लागले. फोम बसवला, कव्हर शिवलं, आणि माझी सीट गाडीत ठेवायच्या आधी कपाळाला हात लावून नमस्कार केला.

आता खरं सांगायला हवं. मी त्या दिवशी वाडीला सीट झुकवायला विसरले नव्हते.

मामा मडकं घेऊन उतरले आणि पुढं निघाले तेव्हा मी पावसात डाव्या बाजूला उभी होते. दार उघडं होतं. माझा हात सीटच्या खटक्यावर होता. निघताना आईनं सीटचं तीनदा बजावलेलं मला शब्द न शब्द आठवत होतं. मी मागच्या सीटकडं बघितलं. तिथं नुसती चुंबळ होती. आणि माझ्या मनात आलं, मी एकटी घरी कशी जाऊ. मग मी खटक्यावरून हात काढला आणि दार लावलं. मामांनी नाही. मी लावलं.

सात महिने आई अंधूक होत जाणाऱ्या डोळ्यांनी काच पुसत होती, ती माझ्यामुळं.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही निघालो. आईनं मिरजेच्या दवाखान्याची पिशवी भरून घेतली होती. वाडीहून परस्पर तिकडं जायचं ठरलं होतं. ती पुढं बसली आणि वाटेत सगळं सांगत गेली. “पूल आला वो. जैसिंगपूर आलं. शिरोळ आलं.” मी त्या दिवशी फार नीट चालवत होते. तरी एकदा, शिरोळच्या अलीकडं, टक् झालं. मी आईकडं बघितलं. ती समोर बघत होती. तिनं ऐकलं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

गाड्या लावायच्या जागेत मी गाडी थांबवली. आई उतरली, तिनं खटका ओढला आणि सीट स्वतःच्या हातानं झुकवली. मागची जागा उघडी पडली. तिनं आत हात पुढं केला, गुडघे दुखणाऱ्या माणसाला द्यावा तसा, आणि म्हणाली, “चला. उतरा.”

काहीच झालं नाही. हात तसाच राहिला. मागून एका गाडीनं हॉर्न वाजवला, कुणीतरी ओरडलं, “पावणं, गाडी म्होरं घ्या की.” आई जागची हलली नाही. मग तिनं वाकून माझ्याकडं बघितलं. मी अजून चालकाच्या जागेवरच होते. इंजिन चालू होतं, हात गिअरवर होता.

“तू बसल्यावर ते कशाला उतरतील?” ती म्हणाली. “तू चालवाय लागलीस की त्यास्नी बसायच पायजे. तू सांग त्यास्नी.”

“काय सांगू?”

“तुला येतंय म्हणून सांग.”

मी इंजिन बंद केलं. खाली उतरले. गाडीला वळसा घालून आईशेजारी येऊन उभी राहिले. मला बोलता येईना. लग्न मोडून आले त्या दिवशी मला जसं बोलता येत नव्हतं तसं झालं, आणि तेव्हा विचारलं नाही तसंच आताही ते विचारणार नव्हते. मग मी मागच्या रिकाम्या जागेला सांगितलं. “अण्णा, मला येतंय आता. तुम्ही उतरा.”

गाडी मागून उचलली गेली. बोटभर. माणूस उतरला की उचलते तेवढीच. आईचा पुढं केलेला हात किंचित खाली गेला आणि तिनं दुसऱ्या हाताचा आधार त्याला दिला. मग ती वळली आणि घाटाकडं चालू लागली. पायऱ्यांपाशी थांबून, सावकाश, एकेक पायरी. मी मागं गेले नाही. त्यांचं त्यांनी बोलावं असं मला वाटलं.

अर्ध्या तासानं ती एकटी परत आली. पाय ओले होते. तिनंच सीट सरळ केली आणि पुढं बसली. मी गाडी काढली. बाहेर पडायच्या रस्त्याला थोडा चढ आहे. बारा वर्षं रोज चढते तसला चढ. मी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. मागं तीन-चार गाड्या थांबल्या, हॉर्न वाजायला लागले. कधी बदलायचं, कधी सोडायचं, काहीच कळेना. डोळ्यांतल्या पाण्यानं समोरचं दिसत नव्हतं.

आईनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि सरळ समोर बघत म्हणाली, “घे, कर चालू. कोण न्हाय बघत आता.”

मी किल्ली फिरवली.